आखाड्यावर राग कशाला?



मिरवणुकीत तलवारी नाचवणाऱ्यांचा राग ‘तलवारबाजीचे वर्ग बंद करा’ या पत्राच्या लेखकाने मर्दानी खेळांच्या आखाड्यांवर काढला आहे.

‘याला कायदाच नाही’ हे विधान चूक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७खाली मनाई आदेश असताना तलवार, भालाच काय, लाठीही रस्त्यावर बाळगता येत नाही. मिरा-भाईंदर, वसई-विरारसाठी २०२०पासून पोलीस आयुक्तालय आहे. आदेश मोडणाऱ्या मंडळांविरुद्ध तेथे तक्रार करावी.

‘मुलांच्या हाती थेट तलवार देतात’ हेही खरे नाही. शिस्तीच्या वर्गात आधी लाठीकाठी, मग फरी-गदका, म्हणजे ढाल आणि कातडी आवरणाची काठी. दांडपट्टा शेवटी येतो. त्यात हात खोबळ्यात, म्हणजे मुठीच्या धातूच्या आवरणात, अडकलेला असतो आणि लवचीक पाते ऐनवेळी आवरत नाही. म्हणून त्याला मोठे रिंगण लागते.

‘हा खेळच नव्हे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की २०२२मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत गतका आणि थांग-ता हे असेच शस्त्रखेळ नियमांनिशी खेळले गेले.

एक मात्र मान्य: माणसाच्या अंगावर लिंबू ठेवून कापण्याचे प्रात्यक्षिक थांबलेच पाहिजे. बोथट पाती, गोल टोके, डोळ्यांना संरक्षण, प्रेक्षकांपुढे दोर आणि हजर प्रथमोपचार पेटी या अटी महापालिकेने मैदान देतानाच घालाव्यात. वर्ग बंद केले, तर हातात तलवार उरेल ती न शिकलेल्यांच्याच.

– एक प्रशिक्षक, भाईंदर (पश्चिम)