‘माणूस भला आहे, पण...’

‘माणूस भला आहे हो, पण निवडणुकीच्या भानगडीत कशाला पडला?’ जानेवारी २०२६च्या पुणे महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागातील एका अपक्ष उमेदवाराविषयी हे वाक्य आम्ही इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले, की त्याचा समाचार घेणे आम्हांस कर्तव्य वाटू लागले आहे.

हे गृहस्थ याच भागात तीसेक वर्षे राहतात. टेकडीवरची झाडे उन्हाळ्यात जगवणे, तुंबलेल्या नाल्याचे अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालणे, कोणत्या गल्लीचा पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे तोंडपाठ असणे, असा त्यांचा संसार. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात आमच्या भागाची गाऱ्हाणी वाहिली ती याच गृहस्थांनी. त्यांना अधिकार नव्हता, मानधन नव्हते. अभियंत्याने भेट नाकारली तर परत फिरण्याखेरीज इलाज नव्हता.

आता हेच काम सभागृहात बसून, अंदाजपत्रकावर प्रश्न विचारण्याच्या हक्कासह करावे असे त्यांस वाटले, तर त्यात भानगड कोणती? ‘नगरसेवक’ या शब्दात ‘सेवक’ आहे, तो काही शोभेसाठी नव्हे. ज्या जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेच १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. (ते निवडून आलेले नव्हते, नियुक्त होते, हे आम्ही जाणतो.) सेवेने सत्तेच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, हा सोवळेपणा त्यांना ठाऊक नव्हता. तो आपण मागाहून कमावला. आमचे स्पष्ट मत असे की तो सोवळेपणाही नव्हे, सोय आहे. फुकटची सेवा भल्या माणसाकडून घ्यायची आणि मत मात्र ‘कामे करून देणाऱ्या’ वजनदारास द्यायचे, ही ती सोय. चौकाचौकांतील फलकांवर हाच वजनदार हात जोडून ‘समाजसेवक’ म्हणून उभा असतो. शब्दही त्यानेच नेला!

मतदारांच्या कोत्या मनाला नियमांचीही साथ आहे. पुण्यात बहुतेक प्रभागांतून प्रत्येकी चार सदस्य निवडले जातात. ४१ प्रभाग, १६५ जागा. २०११च्या जनगणनेच्या आकड्यांवर आखलेल्या या प्रभागांत सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. दहा गल्ल्यांत ज्याला लहान पोरेही ओळखतात, तो ऐंशी हजारांत अनोळखीच. पक्ष अ, ब, क, ड या चारही जागांसाठी एकच चिन्ह घेऊन दारी येतो. अपक्षास एकाच जागेपुरते वेगळे बटण शोधा म्हणून विनवावे लागते. तेही चिन्ह हाती पडते मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना. तेवढ्या अवधीत सोसायट्यांचे जिने चढणार तरी किती?

बहुसदस्यीय प्रभागाने आरक्षणाची सोय होते, असे त्याचे कैवारी सांगतात. मग मुंबईत कसे चालते? तेथील २२७ जागा एकसदस्यीय आहेत, आणि स्त्रियांचे आरक्षण तेथेही आहेच. त्याच मुंबईत २००७ साली जुहूच्या रहिवाशांनी आपला ‘नागरिक उमेदवार’ म्हणून अॅडॉल्फ डिसूझा यांना उभे केले आणि निवडून आणले. प्रभाग आटोपशीर असला तर असे घडू शकते. पुण्यात ते घडूच नये अशी रचना कोणाच्या पथ्यावर पडते, हे सांगावयास ज्योतिषी नको.

स्वयंसेवक आहे म्हणून तो उत्तम नगरसेवक होईलच, असा आमचा भाबडा दावा नाही. झाडे जगवणाऱ्यास निविदा वाचता येतेच असे नाही, आणि सेवेचा अहंकार ही चीजही आम्ही जवळून पाहिली आहे. या गृहस्थांनाही मलनिस्सारणाच्या खर्चाविषयी आम्ही दोन प्रश्न विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे मोघमच आली. पण प्रश्न विचारता तरी आले. पॅनेलमधील उरलेल्या चौघांपैकी एकही त्यासाठी आमच्या दारी थांबला नाही. पत्रके मात्र चौघांची मिळाली, एकाच गुळगुळीत कागदावर.

गृहस्थ पडले, हे सांगावयास नकोच. निकालानंतर चौथ्या दिवशी आमच्या इमारतीस पाणी आले नाही. सचिवांनी पहिला फोन त्यांनाच लावला. तो लावा म्हणून सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. ते आले, व्हॉल्व्हपाशी वाकून पाहिले आणि अर्ज लिहिण्यासाठी कागद मागितला.