कोपी इथली, कोपी तिथली

आज, शुक्रवार 19 डिसेंबर, मार्गशीर्ष अमावास्या. पंचांगात हिला दर्शवेळा अमावास्या म्हणतात. केज, अंबाजोगाई, कळंब, लातूर या पट्ट्यात ती येळवस. काल मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. दिवसभर उपवास धरून, घट मांडून बायकांनी महालक्ष्मीची कहाणी वाचली आणि उपवास सुटताच त्याच हातांनी भज्जीसाठी तुरीच्या, वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. काल घरातल्या लक्ष्मीची पूजा झाली, आज शिवारातल्या लक्ष्मीची.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेंडे एकत्र बांधले की कोपी तयार होते. तिच्यावर शाल पांघरायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. नैवेद्याला बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर, तीळगुळाची पोळी आणि आंबील. आंबील आदल्या दिवशीच होते. ज्वारीचे पीठ, ताक, लसूण, जिरे असे सगळे मातीच्या मडक्यात रात्रभर मुरते आणि सकाळी घरधनीण ते मडके डोक्यावर घेऊन बांधापर्यंत चालत जाते. पूजा झाली की एकजण पिकाच्या कडेकडेने फिरत डहाळीने आंबील शिंपडतो. माणसांची पाने त्यानंतर. आधी रानाने जेवायचे, हा येळवशीचा पहिला नियम. बांधावरून जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचे नाही, हा दुसरा. म्हणून ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तोही आज कुणाच्या तरी शेतात जेवतो. लातूरसारख्या शहराची बाजारपेठ या दिवशी ओस पडते ती याच बोलावण्यामुळे.

काळ्या मातीचे हे नाते फक्त मराठी मुलखाचे नाही. शेजारच्या कर्नाटकात हीच अमावास्या एळ्ळ अमावास्या म्हणून शेतात साजरी होते. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. त्याहून दूर, थेट ब्रह्मपुत्रेच्या काठी गेलो तरी ओळखीचे दृश्य दिसते. आसामी वर्ष सूर्याच्या चालीवर बेतलेले आहे. त्यात शेतीचे तीन बिहू येतात. एप्रिलच्या मध्यावर बोहाग, ऑक्टोबरच्या मध्यावर काति आणि संक्रांतीच्या सुमाराला माघ. बोहाग बिहूचा आरंभ गुरांना नदीवर नेऊन न्हाऊ घालण्याने होतो. आपल्या पोळ्याची आठवण यावी असाच तो दिवस. माघ बिहूच्या आदल्या रात्री, उरुकेला, कापणी झालेल्या शेतात बांबू आणि पेंढ्याचे भेलाघर उभे राहते. सारे गाव तिथे एकत्र जेवते. पहाटे मेजी, म्हणजे लाकडांची होळी, पेटते. भेलाघर आणि आपली कोपी यांच्यात शेकडो कोसांचे अंतर आहे, पण दोन्हींचा अर्थ एकच: एका दिवसासाठी घर सोडून शेतात राहायला जायचे.

मात्र आसामच्या पंचांगातली एक गोष्ट आपण मनावर घ्यावी अशी आहे. काति बिहूच्या वेळी भात अजून शेतात उभे असते आणि घरातली कोठारे रिकामी झालेली असतात. त्या दिवशी मेजवानी नसते. तुळशीपाशी एक दिवा, शेतात एक दिवा, एवढाच सण. त्याचे दुसरे नाव कंगाली बिहू. ज्या समाजाने टंचाईलाही सणाचा मान दिला, तो समाज आपल्यातल्या रिकाम्या घरांकडे पाठ फिरवत नाही.

आपल्या पट्ट्यात अशी रिकामी घरे आज गावोगाव आहेत. दसऱ्याचे सोने वाटून झाले की ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबे मुकादमाच्या टोळीबरोबर निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी बेळगावात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशोब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. परत यायचे ते पाडव्याच्या आसपास. म्हणजे येळवस, संक्रांत, महाशिवरात्र हे सगळे उसाच्या फडात. तिथे, कारखान्याच्या आसऱ्याला, ही माणसे ज्या झोपडीत पाच-सहा महिने काढतात, तिलाही आपल्या बोलीत कोपीच म्हणतात. एका कोपीत आज पांडव बसले आहेत, त्यांच्यापुढे खिरीचा नैवेद्य आहे. दुसरीत पहाटे उठून भाकरी थापून, लेकराला पाठीशी घेऊन बाई फडात गेली आहे. दोन्ही कोप्या याच मातीतल्या माणसांच्या आहेत. आपण पूजा मात्र एकीचीच करतो.

घाम गाळूनही इथे पोट का भरत नाही, याचे उत्तर मांजरा नदी देते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरेवरचे धरण आटले होते. यंदा सप्टेंबरमध्ये तीच मांजरा काठ सोडून वाहिली. मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, नदीकाठची माती खरडून गेली. काही शेतांत आज आंबील शिंपडायला पीकच नाही. तरीही त्या बांधांवर कोपी उभी राहील. हीच या सणाची ताकद आहे, आणि म्हणूनच तो केवळ भज्जीच्या चवीपुरता उरू नये.

त्यासाठी दोन गोष्टी करता येतील. पहिली साखर कारखान्यांनी करायची. आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून गेल्या साली 30 डिसेंबरला असलेली येळवस यंदा 19 ला आली. येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढची येळवस जानेवारी 2027 मध्ये येईल. साखर कारखान्यांच्या हाती वर्षाहून जास्त अवधी आहे. त्या एका दिवशी मराठवाड्यातल्या टोळ्यांना मजुरी न कापता सुट्टी द्यावी आणि तळावर एकत्र जेवणाची सोय करावी. गाळपाच्या वेळापत्रकात पाडव्यापर्यंतचे दिवस मोजले जातात. त्यातला एक दिवस ऊस तोडणाऱ्यांचा असावा, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट आजच करायची आहे आणि ती आपल्या हातातली आहे. टोळी गेली तरी प्रत्येक वस्तीवर म्हातारी माणसे मागे आहेत, त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे आहेत, हंगामी वसतिगृहांत राहणारी शाळकरी मुले आहेत. त्यांचे आईबाप आज शिवारात असते तर ही मुले कोपीभोवती धावली असती. बांधावरून जाणाऱ्याला उपाशी न पाठवणारा हा सण दाराशी असलेल्या लेकराला कसा विसरेल? मडके डोक्यावर घेण्याआधी गल्लीतल्या त्या घरापाशी थांबा, हाक मारा आणि सांगा: आजी, पोरांना घेऊन चला, आज आमच्या रानात जेवायचे आहे.