वाटसरूला अभय, सेवकाला कारावास!

महामार्गावर रात्री अपघात होतो. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या जखमीला एखादा वाटसरू आपल्या गाडीत घालून रुग्णालयाकडे नेतो. जखमी वाटेतच दगावला तरी त्या वाटसरूच्या केसाला धक्का लागत नाही, कारण कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. त्याच जखमीला न्यायला रुग्णवाहिका आली, आतील सेवकाने हेलकावणाऱ्या गाडीत, अपुऱ्या उजेडात त्याचा श्वास चालू ठेवण्याची धडपड केली आणि रुग्ण गेला, तर मात्र त्या सेवकावर निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यासाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची. ज्याने हे काम आयुष्यभराचे व्रत म्हणून पत्करले, तोच कायद्याच्या छत्राबाहेर! ही विसंगती कोणाच्या ध्यानात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

वाटसरूला मिळालेले अभय सहजासहजी मिळालेले नाही. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही, 'पोलिसी प्रकरण' म्हणून वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठविले आणि तो वाटेतच मरण पावला. परमानंद कटारा यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कोणताही कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने १९८९ साली दिला. तरीही पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि साक्षीचा ससेमिरा यांच्या भयाने लोक जखमीकडे पाठ फिरवीतच राहिले. मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्या बंधनकारक केल्या आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला शासन आता 'राह-वीर' म्हणून पंचवीस हजार रुपयांनी गौरवितेही. हे सारे स्वागतार्हच आहे.

परंतु या कलमाची शब्दरचना पाहावी. संरक्षण कोणाला? स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला. रुग्णवाहिकेतील सेवक वेतन घेतो, म्हणजे तो यात बसत नाही. आणि संरक्षण केवळ मोटार अपघातापुरते. यात्रेत हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा नदीतून बाहेर काढलेल्या माणसाची छाती दाबून श्वास परत आणू पाहणाऱ्या तरुणालाही हे कलम उपयोगाचे नाही.

दुसरे छत्र भारतीय न्याय संहितेचे. १८७० साली इंग्रजांनी दंडविधानात घातलेल्या ३०४-अ या कलमात दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती आणि ती सर्वांना सारखी होती. परकीयांचा तो वारसा टाकून नवी संहिता आली, ती आणणे योग्यच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढविली. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी मात्र ती दोन वर्षांवरच ठेवली. हा व्यावसायिक कोण? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खालील पदवी आणि नोंदणी असलेला, असे स्पष्टीकरण संहितेतच दिले आहे. म्हणजे अ‍ॅलोपॅथीचा डॉक्टर!

महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी '१०८' ची सेवा सुरू झाली. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, अशी तिची रचना होती. त्या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. शासनानेच त्यांना नेमले, शासनानेच गाडीत बसविले, आणि शासनाच्याच संहितेच्या लेखी ते वैद्यक व्यावसायिक नाहीत! आयुर्वेदाचा गौरव व्यासपीठावरून करायचा आणि आयुर्वेदाच्या पदवीधराला शिक्षेच्या वेळी परका मानायचे, याला काय म्हणावे? आपत्कालीन तंत्रज्ञाची कथा याहून वेगळी नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने त्याच्या व्यवसायाला मान्यता आणि नोंदणीची तरतूद दिली. कलम १०६ ला त्या कायद्याचा गंधही नाही.

असे का झाले, हे कोडे अवघड नाही. संहितेचे विधेयक संसदेत असताना डॉक्टरांच्या संघटनेने आवाज उठविला, तो ऐकला गेला. याच कलमाच्या दुसऱ्या भागाविरुद्ध मालमोटारचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम केला. संहिता लागू झाली ती तो भाग बाजूला ठेवूनच. रुग्णवाहिकेतील सेवकाने काय करावे? त्याने चक्का थांबविला तर रुग्ण मरेल, म्हणून तो थांबवीत नाही. त्याच्या या सौजन्याची किंमत त्यालाच मोजावी लागत आहे.

सद्भावनेने केलेल्या कृत्याला संहितेचे कलम ३० संरक्षण देते, असे कायदेपंडित सांगतील. ते खरे आहे. पण तो बचाव आरोपी झाल्यावर मांडायचा असतो, आणि तोवर अटक, निलंबन, वकिलाचा खर्च हे सारे भोगून झालेले असते. डॉक्टरांना सरसकट अटक करू नये, तक्रारीआधी तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात बजावले. त्या निकालातही शब्द 'डॉक्टर' हाच आहे.

मद्य पिऊन गाडीत बसणाऱ्याला किंवा रुग्णाला टाकून जाणाऱ्याला कोणीही सूट मागत नाही. मागणे इतकेच की, कलम १०६ च्या स्पष्टीकरणात भारतीय वैद्यक पद्धतीच्या २०२० च्या आणि संलग्न व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यांखालील नोंदणीधारकांचा समावेश व्हावा. कलम १३४-अ चे अभय रस्त्याबाहेरच्या संकटालाही लागू व्हावे. आणि सेवकावर गुन्हा नोंदविण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घेण्याचा आदेश राज्याच्या गृहविभागाने पोलीस ठाण्यांना द्यावा. यातील शेवटच्या गोष्टीसाठी तर दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही.