खाण्यासाठीं इंदुरास, पण उतरावें कोठें?

भंडाऱ्याच्या एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, दिवाळीनंतर घरचीं नऊ माणसें चार दिवसांसाठीं इंदुरास जावयाचीं आहेत. उज्जैन व ओंकारेश्वर जवळ असलीं तरी या खेपेस हेतु देवदर्शनाचा नसून निखळ खाण्याचा आहे. परंतु उतरावें कोठें यावर घरांत एकमत होत नाहीं. सासऱ्यांना स्वयंपाकाची सोय असलेली जागा हवी. थोरल्या दिरांना मोठें, नांवाजलेलें हॉटेल हवें, कारण तेथें सकाळची न्याहारी भाड्यांतच मिळते. मुलांना पोहण्याचा हौद हवा. स्वतः बाईंना काय हवें हें पत्रांत नाहीं. घरांतही तें कोणी विचारिलें नसावें असा आमचा तर्क आहे, आणि पुढील मजकूर मुख्यतः त्या तर्कावरच उभारिला आहे.

आधीं शब्दाचा घोळ दूर करूं. मराठींत 'हॉटेल' म्हणतांच चहा व भजीं डोळ्यांपुढें येतात. इंग्रजींत त्याच शब्दानें निजण्याची जागा समजतात. हा घोळ निवड करतांनाही नडतो. जेथें खाणें चांगलें तेथें निजणें चांगलें असेलच असें नाहीं, आणि जेथें गाद्या मऊ तेथील आचारी हुशार असतो असा तर मुळींच नियम नाहीं. फ्रान्समध्यें मिशेलिन या टायर विकणाऱ्या कंपनीनें १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं एक मार्गदर्शिका काढिली, व १९२६ पासून ती भोजनगृहांना तारे देऊं लागली. त्या मार्गदर्शिकेंतही ताटाचे तारे निराळे आणि बिछान्याच्या सुखसोयींच्या खुणा निराळ्या. आपणही हे दोन हिशेब वेगळे ठेवावे.

नागपूरच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवतच नाहीं. तें भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. सकाळीं तर्रीपोहे खावे, संत्र्याची बर्फी बांधून घ्यावी आणि रात्रीं आपल्या अंथरुणावर परत यावें. इंदूरचें तसें नाहीं, कारण तेथील खरें खाणें रात्रीचें आहे.

होळकरांचा सात मजली राजवाडा, ज्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे लांकडी आहेत, त्याच्या लगतच सराफा आहे. दिवसां ती सोन्याचांदीची पेठ. रात्रीं आठ-नऊच्या सुमारास दुकानें बंद झालीं कीं त्यांच्याच पायऱ्यांपुढें खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, आणि मध्यरात्र उलटली तरी शेगड्या विझत नाहींत. रात्रीं वर्दळ राहिली म्हणजे तिजोऱ्यांवर फुकटचा पहारा राहतो, म्हणून सराफांनींच या मंडळींस आश्रय दिला असें सांगतात. कोंवळा मका किसून दुधांत शिजविलेला भुट्ट्याचा कीस, थंडी पडूं लागली कीं गराडू, म्हणजे तळून वर मसाला भुरभुरविलेला कंद, दहीवडे, एकटा पाव किलोच्या घरांत जाणारा जिलेबा, आणि उपवासाचें निमित्त नसतांही लोक आनंदानें खातात ती साबुदाण्याची खिचडी. सारें शाकाहारी, म्हणून आपल्यासारख्या घरांस प्रत्येक गाडीवर चौकशी करीत बसण्याचा संकोच नाहीं. (पत्रलेखिका भगिनी दिवाळीनंतर निघणार आहेत; कार्तिकी एकादशी मध्यें येते काय हें पंचांगांत पाहून घ्यावें. आली तरी खिचडी आहेच.)

दुसरें ठिकाण छप्पन दुकान. हें नव्या पलासिया भागांत, राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटरांवर असून तेथें रस्त्यावर वाहनांस मज्जाव केलेला आहे; लहान मुलें मोकळीं सोडतां येतात. सकाळचे पोहे-जिलबी मात्र इंदुरांत कोठेंही मिळतात. वाफेवर ठेविलेले पोहे, वर शेव आणि जिरावण नांवाचा मसाला. आपल्या फोडणीच्या पोह्यांशीं त्यांची तुलना करूं नये, दोन्हीं आपापल्या जागीं बरे. शहर स्वच्छ आहे हेंही सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारच्या स्वच्छतेच्या पाहणींत २०१७ पासून त्यानें सलग कित्येक वर्षें पहिला क्रमांक राखिला. तरी मुलांचें पिण्याचें पाणी बरोबर ठेवावें.

तेव्हां मुक्काम कोणत्या ठिकाणाच्या जवळ असावा? बहुतेक लोक सकाळचा विचार करितात. आमच्या मतें विचार रात्रीचा करावा. सकाळीं सर्वांच्या अंगांत उत्साह असतो, रिक्षा हवी तेव्हां मिळते आणि छप्पन दुकान चार किलोमीटर असलें काय नि सहा असलें काय, कोणाचें बिघडत नाहीं. रात्रीं बारा वाजतां मात्र एक मूल खांद्यावर झोपलेलें, दुसरें झोप येत नाहीं म्हणून रडणारें आणि सासूबाईंचे गुडघे थकलेले असे परत यावयाचें असतें. विजयनगराकडे नवीं मोठीं हॉटेलें पुष्कळ आहेत, हौदही तिकडेच. परंतु राजवाडा तेथून सहाएक किलोमीटर. मग होतें असें कीं, पहिल्या रात्रीं सर्वजण जातात, दुसऱ्या रात्रीं निम्मे, आणि तिसऱ्या रात्रीं खोलींतच कांहीं मागवून घेऊन झोपतात. याकरितां एवढा खर्च करून इंदुरास जावें लागत नाहीं.

म्हणून प्रत्यक्ष सराफ्यांतच खोली घ्यावी असें मात्र नव्हे. तेथील गल्ल्या अरुंद, गर्दी अपरात्रींपर्यंत, आणि तळणाचा वास खिडकींतून आंत. जेथें खावें तेथें निजूं नये. रेल्वे स्थानक व राजवाडा यांच्या दरम्यानचा भाग, अथवा राजवाड्यापासून पलासियाकडे जाणाऱ्या महात्मा गांधी मार्गाच्या आसपासची एखादी शांत गल्ली, जेथून सराफा पंधरा-वीस मिनिटांच्या पायवाटेवर आहे, ती जागा आम्ही पसंत करूं. एवढें चालल्यानें येतांना अन्नही जिरतें.

आतां सासऱ्यांच्या सूचनेकडे वळूं. ती काटकसरीची आहे, वडील माणसांच्या पथ्याची काळजी वाहणारी आहे, आणि तीच आम्हांस सर्वांत धोक्याची वाटते. शेगडी दिसली कीं घरांतील माणसांस भूक लागते हा अनुभव कोणत्याही एकत्र कुटुंबांतील सुनेस विचारावा. प्रथम फक्त चहा. मग मुलांसाठीं दूध व थोडा मऊ भात. मग मामंजींना बाहेरचें सोसत नाहीं म्हणून चार पोळ्या. आणि चार लाटावयाच्या तर आठ लाटण्यास काय लागतें, असें कोणीतरी म्हणतोच. पुढें भांडीं आलीं, भाजी आणणें आलें, संध्याकाळीं उद्यांचें भिजत घालणें आलें. पुरुषमंडळी तोंवर राजवाड्याकडे एक फेरी मारून येतात आणि काय काय खाल्लें याचें रसभरित वर्णन करितात. जी बाई वर्षाचे तीनशें साठ दिवस इतरांच्या तोंडाकडे पाहून रांधते, तिला चार दिवस दुसऱ्याच्या हातचें, गरम, बसल्या जागीं मिळावें यासाठींच तर असा प्रवास. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर प्रवास इंदूरचा होईल, पण सुटी कोणाची होईल हें आधींच ठरून जाईल. सबब आमचा सल्ला स्पष्ट आहे: स्वयंपाकाची सोय असलेली जागा घेऊं नये, आणि घ्यावीच लागली तर शिधा बरोबर नेऊं नये.

वडिलांच्या पथ्याचा प्रश्न खरा आहे व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भंडारा हा तांदळाचा जिल्हा. चिन्नोरच्या भातावर वाढलेल्या वृद्धास माळव्यांतील गहू दोन्हीं वेळां जड जातो. दाळ-बाफले हें तेथील मानाचें जेवण. कणकेचा गोळा आधीं उकडून, मग भाजून तुपांत बुडवितात. तें एकदां अवश्य खावें, दुपारींच खावें, आणि पुढचे तीन तास निजण्यासाठीं राखून ठेवावे. बाकीच्या दिवसांत वडिलांसाठीं दुपारीं साधा वरणभात मिळाला कीं झालें. जागा ठरवितांना दूरध्वनीवर स्पष्ट विचारावें: कांदा-लसणाशिवाय वरण आणि मऊ भात करून द्याल काय? बहुतेक ठिकाणीं देतात; न देणाऱ्यांची जागा घेऊं नये. मेतकूट व लिंबाचें लोणचें घरून न्यावें. एवढ्यानें शेगडीचें कारणच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट रात्रीची. नऊ माणसांच्या घरांत निजलेल्या मुलांजवळ कोणीतरी थांबावें लागतें, आणि तें 'कोणीतरी' दर रात्रीं एकच असतें. मुक्काम जवळ असेल तर येथें पाळी लावतां येते. पहिली तुकडी नवाला निघून साडेदहाला परत येते, दुसरी तेव्हां निघते. सराफा त्या वेळीं ऐन रंगांत असतो, म्हणून दुसऱ्या तुकडीचें कांहीं चुकत नाहीं. जागा सहा किलोमीटर दूर असेल तर दुसरी तुकडी निघतच नाहीं. पहिल्या रात्रीं पहिल्या तुकडींत सुना असाव्या आणि मुलांजवळ त्यांचे बाप असावे, असें आम्ही सुचवितों. सुरुवात जशी पडते तशी चाल पडते.

थोरल्या दिरांच्या न्याहारीविषयीं थोडेंच सांगावयाचें. भाड्यांत धरलेली न्याहारी फुकट नसते, तिचे पैसे आधींच घेतलेले असतात, आणि पैसे गेले म्हणून माणूस ती पोटभर खातो. नऊ वाजतां पोट भरलें म्हणजे पोहे-जिलबीची वेळ टळली. न्याहारीविना भाडें काय, हें विचारावें. फरक ऐकून दीर स्वतःच मत बदलतील.

भाडें ठरविण्यापूर्वीं आणखी दोन-तीन प्रश्न विचारून घ्यावे. पहिला दाराचा. कित्येक जुन्या लॉजांतून रात्रीं अकराला मुख्य दार लावून घेतात आणि रखवालदारास उठवावें लागतें. सराफ्याहून परतणाऱ्यांस हें गैरसोयीचें. दुसरा जिन्याचा: उद्वाहन आहे काय, नसल्यास वडिलांची खोली तळमजल्यावर मिळेल काय? तिसरा प्रश्न दिवस कसा मोजतात हा. कांहीं ठिकाणीं दुपारीं बारा ते बारा असा दिवस धरितात, कांहीं ठिकाणीं आल्या वेळेपासून चोवीस तास. नागपूरहून इंदूरकडे जाणारी वंदे भारत गाडी, जी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, ती दुपारीं निघून रात्रीं उशिरां पोंचते. बारा ते बाराचा हिशेब असेल तर त्या एका झोपेसाठीं पुऱ्या दिवसाचें भाडें पडतें. नऊ माणसांच्या तीन खोल्या म्हटल्या म्हणजे ही रक्कम लहान नाहीं. ती गाडी धरावयाची तर वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून अथवा एस्. टी.नें सकाळींच नागपूर गांठावें. पोंचल्या रात्रीं सराफ्याकडे जाण्याचा मोह मुलांना होईल, त्यांना निजवावें.

परतीची हीच गाडी इंदुराहून पहाटे सुटते. म्हणून शेवटच्या संध्याकाळीं सराफ्यांत जाऊं नये. त्या दिवशीं लवकर छप्पन दुकानाकडे जाऊन यावें, आणि बांधून घ्यावयाचें तें तेव्हांच घ्यावें. शेव व जिरावण महिनाभर टिकतात. जिलबी मुळींच घेऊं नये, भोपाळ येईपर्यंत ती मऊ पडते. माव्याचे पदार्थ शेजाऱ्यांसाठीं न्यावयाचे असतील तर त्याच संध्याकाळचे ताजे घ्यावे, रात्रीं खोलींत शीतकपाट असल्यास त्यांत ठेवावे, आणि डबा कोणाच्या हातीं द्यावयाचा हें मुलें निजल्यावर ठरवावें.