गंमत म्हणून मिसळलेले

डिसेंबर तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वार्षिक पार्टीच्या तारखा ठरू लागतात, आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरायला लागतो. ग्लास हातातून खाली ठेवू नका. ठेवलात तर परत उचलू नका. अनोळखी माणसाने आणून दिलेले पेय घेऊ नका. मैत्रिणीला एकटी सोडून निघू नका. सल्ला चुकीचा नाही, मी स्वतः तो पाळते. पण तो फक्त मुलींनाच का पाठवला जातो, आणि पेयात काही मिसळणाऱ्याला उद्देशून त्यात एकही ओळ का नसते, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

आपल्या घरांत हा विषय काढला तर उत्तर ठरलेले असते. आपल्यात कुणी पीत नाही, आपल्या मुली पबमध्ये जात नाहीत, तेव्हा हे दुखणे दुसऱ्यांचे. असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण गुंगीचे औषध दारूतच घालावे लागते असे थोडेच आहे? चहात, सरबतात, फालुद्यात, वलीम्याच्या कोल्ड्रिंकमध्येही ते घालता येते. आणि घालणारा परकाच असतो असेही नाही.

फ्रान्समधल्या जिझेल पेलिको यांचा खटला बहुतेकांनी बातम्यांत वाचला असेल. दक्षिण फ्रान्समधल्या माझान या छोट्या गावात त्यांचा नवरा जवळपास दहा वर्षे त्यांच्या खाण्यापिण्यात झोपेच्या गोळ्या कुटून घालत होता. त्या बेशुद्ध झाल्या की इंटरनेटवर गाठलेल्या पुरुषांना घरी बोलावत होता आणि सगळ्याचे चित्रीकरण करत होता. त्या काळात जिझेल यांना दिवसच्या दिवस आठवत नसत. आपल्याला स्मृतिभ्रंश झाला असावा अशी भीती त्यांना वाटे, डॉक्टरांकडे फेऱ्या होत. गोळ्या देणारा नवराच काळजीने सोबत जाई. सप्टेंबर २०२० मध्ये तो एका सुपरमार्केटमध्ये बायकांचे चोरून चित्रीकरण करताना पकडला गेला, पोलिसांनी त्याचा फोन आणि संगणक तपासला, तेव्हा कुठे हे उघड झाले. १९ डिसेंबर २०२४ रोजी आव्हिन्यों येथील न्यायालयाने नवऱ्यासह ५१ पुरुषांना दोषी ठरवले. नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. आरोपींत ट्रकचालक होते, परिचारक होता, अग्निशमन दलातला जवान होता, पत्रकार होता. खटला बंद दाराआड चालवण्याचा पर्याय जिझेल यांनी नाकारला. लाज वाटायची तर ती करणाऱ्यांना वाटावी, असे त्यांचे म्हणणे होते.

या बाईंना ग्लासवर लक्ष ठेवायला सांगून काय उपयोग झाला असता? ग्लास त्यांच्याच स्वयंपाकघरातला होता.

हेच प्रकरण भारतात घडले असते तर काय झाले असते, हे मी कायदा उघडून पाहिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. नशेमुळे, किंवा आरोपीने स्वतः अथवा दुसऱ्यामार्फत दिलेल्या गुंगी आणणाऱ्या पदार्थामुळे स्त्रीला काय चालले आहे हे कळत नसेल, तर तिने दिलेली संमती ही संमती नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बाहेरून आलेले पुरुष आपल्याकडेही बलात्काराचे आरोपी झाले असते. नवऱ्यावर औषध दिल्याचा आणि इतरांना साथ दिल्याचा गुन्हा लागला असता. त्याने स्वतः केलेला बलात्कार मात्र कायद्याने बलात्कार ठरला नसता, कारण अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा अपवाद नव्या संहितेतही जसाच्या तसा ठेवला आहे. तलाकचा विषय निघाला की आपल्या समाजाकडे बोट दाखवणारे आणि शरियतचे नाव घेऊन ते बोट झटकणारे आपले पुढारी, दोघेही या अपवादाबद्दल फारसे बोलताना दिसत नाहीत. तो सर्व धर्मांच्या नवऱ्यांना सारखाच उपयोगी पडतो, म्हणून असेल कदाचित.

पुरुषांची गोष्ट वेगळी नाही. मँचेस्टरमध्ये रेनहार्ड सिनागा नावाच्या माणसाला २०२० मध्ये ४८ पुरुषांवरील अत्याचाराबद्दल जन्मठेप झाली. रात्री क्लबबाहेर एकटे सापडलेले तरुण तो गोड बोलून घरी नेई आणि पेयातून औषध देई. त्यातल्या बहुतेकांना आपल्यावर काय झाले हे पोलीस दारात येईपर्यंत माहीतच नव्हते. आपल्याकडे तर बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून पुरुष बसतच नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत जुन्या कलम ३७७ ची जागा घेणारे कलम नाही. अशा तरुणाने भारतात तक्रार केली तर पोलिसांना दुखापतीची आणि औषध दिल्याची कलमे शोधावी लागतील.

औषध देण्याचे कलम मात्र जुने आहे, चांगले १८६० पासूनचे. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचे कलम ३२८ होते, आता न्याय संहितेचे १२३ आहे. विष किंवा गुंगी आणणारा, नशा आणणारा, अपायकारक पदार्थ इजा करण्याच्या अथवा गुन्हा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होईल हे माहीत असताना दिला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्या काळात पब नव्हते. वाटसरूंना धोतऱ्याचे बी घातलेले अन्न खायला घालून लुटणारे होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत त्यांची वर्णने आहेत. पुढे रेल्वे आली, धोतऱ्याच्या जागी झोपेच्या गोळ्या आल्या, आणि सहप्रवाशाने दिलेली बिस्किटे खाऊन सामान गमावलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचत आलो. अनोळखी व्यक्तीकडून खाद्यपदार्थ घेऊ नका ही स्टेशनवरची घोषणा आपल्याला तोंडपाठ आहे. लुटल्या गेलेल्या त्या प्रवाशाला मात्र कुणी विचारत नाही की तू बिस्किट खाल्लेस कशाला, एवढ्या रात्री प्रवास करत होतास कशाला, कपडे कोणते घातले होतेस. त्याच्याबद्दल सगळे हळहळतात. तीच गुंगी, तोच गुन्हा, फक्त पार्टीतली मुलगी म्हटल्यावर प्रश्न बदलतात.

आता आपल्या रोजच्या जगातले सांगते. एका कंपनीत मी काम करत असताना तिथल्या पार्टीत नुकत्याच रुजू झालेल्या, न पिणाऱ्या एका मुलाच्या संत्र्याच्या रसात टीममधल्यांनी वोडका घातली. आज याला पाजायचेच, असे आधीच ठरले होते. तो ओकला, रडला, खुर्चीवरून पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि खाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. मी तो व्हिडिओ घेऊन एचआरकडे गेले तर उत्तर मिळाले की पोरे आहेत, गंमत केली, आणि त्याची स्वतःची काही तक्रार नाही. तक्रार तो कुठल्या तोंडाने करणार होता? ज्यांच्याकडून काम शिकायचे तीच माणसे ती होती.

या गमतीचा हिशेब करून पाहू. भारतात मिळणाऱ्या वोडका-व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम. रसाच्या मोठ्या ग्लासात दोन पेग लपतात, आणि असे दोन ग्लास प्यायला तर ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्या पोटात चाळीस ग्रॅम अल्कोहोल गेले. तो सर्दीची गोळी घेऊन आला असेल तर झोप दुप्पट गडद. मधुमेहावर इन्सुलिन घेत असेल तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. फिट्सची औषधे चालू असतील, तो पार्टीनंतर स्वतःची मोटारसायकल काढणार असेल, तर काय? पिणाऱ्याला आपण किती प्यायलो याचा निदान अंदाज असतो. ज्याला आपण प्यायलो आहोत हेच माहीत नाही, तो कशाच्या आधारावर थांबेल? ‘स्पाइकिंग’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुठले तरी परदेशी रसायन येते. प्रत्यक्षात या कामासाठी सर्वांत सहज हाताशी येणारा पदार्थ दारूच आहे.

म्हणूनच बाजारात येणाऱ्या उपकरणांवर माझा फार विश्वास नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी पेयात बुडवल्यावर रंग बदलणारी नेलपॉलिश करायला घेतली, तिची जगभर चर्चा झाली. चाचणीच्या पट्ट्याही मिळतात. पट्टी ज्या मोजक्या औषधांसाठी बनवली तीच ओळखते; दारूत घातलेली जास्तीची दारू ती ओळखणार नाही. आमच्या कामात अशा चाचणीला आम्ही घाबरतो, कारण ती अपयशी ठरली तरी सगळे ठीक आहे असेच सांगते. दुसरे असे की, वापरणाऱ्याने सदैव सावध राहावे या गृहीतकावर उभी केलेली सुरक्षा आमच्याकडे कच्ची समजली जाते. लोकांना पासवर्ड जपा एवढे सांगून बँक मोकळी होत नाही. पाहुण्याला ग्लास जपा सांगून यजमान कसा मोकळा होतो?

कुणाला काही पाजले गेल्याचा संशय आला तर घड्याळ फार महत्त्वाचे असते. प्यायलेल्या प्रमाणाच्या मानाने चक्कर फारच जास्त, जीभ जड, पाय लटपटत, मधलेच काही आठवत नाही, अशी लक्षणे दिसली तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य या प्रसंगी घातक आहे. कुशीवर वळवून ठेवावे, मुद्दाम उलटी करवू नये, श्वास मंद वाटला किंवा हलवून जाग येत नसेल तर ११२ लावावा. कॅबमध्ये बसवून एकटीला पाठवणे म्हणजे एका संकटातून काढून दुसऱ्यात लोटणे. जीएचबीसारखे औषध रक्तातून आठेक तासांत आणि लघवीतून बारा तासांच्या आसपास निघून जाते. त्यामुळे रक्ताचा आणि पहिल्या लघवीचा नमुना लवकरात लवकर घेतला जायला हवा, आणि डॉक्टरांना संशय स्पष्ट शब्दांत सांगायला हवा, कारण नेहमीच्या तपासणीत प्रत्येक औषध दिसतेच असे नाही. उरलेले पेय फेकू नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. अशा पीडितेवर सरकारी वा खासगी कुठल्याही रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ तेच सांगते. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही.

पण हे सगळे करायचे कुणी? जिला काही आठवत नाही ती मुलगी सकाळी उठल्यावर आधी घरच्यांचा विचार करते. आपल्या घरांत तर तिच्यापुढे दोन भिंती असतात. अत्याचार झाला हे सांगण्याआधी तिला हे सांगावे लागते की आपल्या पोटात दारू गेली. तोंडाला वास आलेला असतो. मी घेतली नाही, कुणीतरी घातली, हे तिचे वाक्य किती घरांत पहिल्या झटक्यात खरे मानले जाईल? आणि समजा तिने स्वतःहून एक ग्लास घेतला होता, तर? तरी कायद्याच्या दृष्टीने तिच्यावरचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. दारू हराम आहे की नाही हा हिशेब तिचा आणि तिच्या श्रद्धेचा. महाराष्ट्रात त्यात भर म्हणून दारूबंदी कायद्याचा परवाना आहे. पिण्यासाठी तो लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची अट पंचवीसची. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी पोलीस ठाण्याची पायरी चढताना आधी परवान्याच्या प्रश्नाला घाबरते. पाजणाऱ्याला हे सगळे नीट ठाऊक असते. तिचे गप्प राहणे त्याने आधीच हिशेबात धरलेले असते.

म्हणून घरात हे बोलणे आधी व्हायला हवे, काही घडण्यापूर्वी, आणि मुलग्यांसमोरही. माझ्या अम्मीने माझ्या धाकट्या भावाला तो हॉस्टेलला निघाला तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. काही झाले, अगदी तुझ्या हातून काही झाले, तरी रात्री कितीही वाजता फोन कर, आधी घ्यायला येऊ, मग बोलू. आणि कुणाच्या ताटात, पेल्यात त्याला न सांगता काही घालू नकोस, मिरचीसुद्धा नाही. दुसरी गोष्ट तेव्हा मला विनोदी वाटली होती.

नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा, तिथला प्रवासासकट, कामाची जागा धरली आहे. कंपनीने रिसॉर्टवर नेलेली पार्टी त्यात येते. तिथे छळ झाला तर तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते.

आताच्या कंपनीत यंदा पार्टीच्या तयारीच्या समितीत मी आहे. मी चार सूचना दिल्या. रस आणि सरबताचा काउंटर दारूच्या काउंटरपासून वेगळा, त्यावर झाकणाची भांडी, आणि ओतून देणारा एक ठरलेला माणूस. पाणी सीलबंद बाटल्यांतूनच. न पिणाऱ्या दोघांना, एक बाई आणि एक पुरुष, शेवटची गाडी सुटेपर्यंत जबाबदारी, आणि त्यांचे फोन नंबर सगळ्यांकडे. चौथी सूचना निमंत्रणाच्या मेलमध्ये एक वाक्य घालण्याची होती: दुसऱ्याच्या पेयात त्याच्या नकळत काहीही मिसळले तर, गंमत म्हणून असले तरी, नोकरीवर कारवाई होईल. पहिल्या तीन सूचना एका बैठकीत मंजूर झाल्या. चौथे वाक्य सणासुदीच्या मेलमध्ये जरा कडक वाटते असे काहींचे म्हणणे पडले, आणि ते सध्या कायदा विभागाकडे आहे.