पोरांचं स्लाइम आणि आपली औषधाची फळी



आज पीकपाण्याचं नाही, पोरांचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या शेडातल्या फळीपर्यंतच येणार आहे.

सुट्टी लागली की पोरं मोबाईलवर बघून स्लाइम करायला लागतात. स्लाइम म्हणजे तो हातात ताणला की लांबणारा, सोडला की ओघळणारा बुळबुळीत गोळा. पांढरा गम घ्यायचा, रंग टाकायचा आणि त्यात टाकणखाराचं पाणी ओतायचं. गमातल्या लांब लांब धाग्यांना टाकणखार आडव्या गाठी मारतो, म्हणून पातळ गमाचा गोळा होतो. खेळ चांगलाय. पोरगं तासभर मोबाईल सोडून हातानं काहीतरी करतंय, यात वाईट काय? माझं म्हणणं खेळाबद्दल नाही, टाकणखाराबद्दल आहे.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. आपण द्राक्षाला, डाळिंबाला बोरॉनची कमतरता दिसली की वापरतो तेच. खताच्या बोरॅक्समध्ये साडेदहा टक्के बोरॉन असतं, बोरिक अॅसिडमध्ये सतरा टक्के, आणि फवारणीचं जे विरघळणारं येतं त्यात वीस टक्के. आता आपणच सांगा, द्राक्षाच्या फुलोऱ्याआधी बोरॉन फवारताना आपण काय करतो? लिटरला अर्धा-एक ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. कारण बोरॉन हे असं अन्न आहे की कमी पडलं तर मणी धरत नाहीत आणि थोडं जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं. वेलीला ग्रॅममध्ये मोजून देणारा माणूस पोराच्या हातात चमचाभर पुडी देतो, हे मला पटत नाही.

हातावर लगेच काही होत नाही, हे खरं. पण कातडी नाजूक असली, हाताला ओरखडे असले तर आग होते, पुरळ येतं. लहान पोरं तोच हात तोंडात घालतात. पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. युरोपात तर असल्या चिकट खेळण्यातून सुटणाऱ्या बोरॉनला किलोमागं 300 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. आपल्या घरात बनणाऱ्या गोळ्याला कोण मर्यादा घालणार? कॅरमवर टाकायची बोरिक पावडरही त्याच घरातली, ती घालून केलं म्हणून सुरक्षित झालं असं नाही.

आणि खरी भीती वेगळीच आहे. शहरातलं पोरगं पुडी दुकानातनं आणतं. आपलं पोरगं शेडातल्या फळीवर हात घालतं. तिथं बोरॅक्सच्या शेजारी मोरचूद असतं, बुरशीनाशक असतं, अर्धी राहिलेली कीटकनाशकाची बाटली असते. पांढऱ्या पुड्या सगळ्या सारख्याच दिसतात. लेबल पुसलेलं असतं. वर स्लाइम ठेवायला डबी म्हणून औषधाचाच रिकामा डबा धुऊन घेतात. तो कितीही धुतला तरी खेळायचा नाही. फळीला कुलूप आणि रिकाम्या डब्याला भोक, एवढं तरी आजच करा. कुणी काही गिळलंच तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. पुडी किंवा बाटली सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

मग पोरांना खेळू द्यायचं नाही का? द्यायचं की! पण शेतकऱ्याच्या घरात बुळबुळीत वस्तूला काय तोटा?

हे विकतचं पहिलं स्लाइम 1976 साली अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीनं बाजारात आणलं. त्यातला मुख्य माल काय होता? गवारीचा डिंक. आपल्या गवारीच्या बियातला! ज्या डिंकाला पुढं तिकडच्या तेल-वायूच्या विहिरीवाल्यांमुळं 2012 च्या सुमाराला सोन्याचा भाव आला होता, तोच. म्हणजे स्लाइमचं मूळ रानातच आहे.

आणि आपली भेंडी? जुन्या माणसांना गुऱ्हाळ आठवत असेल. गुळव्या भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजत घालायचा. ते तार धरणारं पाणी काहिलीत उकळत्या रसात टाकलं की मळी वर यायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. ते काय, स्लाइमच की. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या गुळाची स्वच्छता त्या बुळबुळीवर होती. हे पोरांना हातात देऊन सांगितलं तर धडा पाठ करायला लागत नाही.

करायचं असं. बाजारात न चालणाऱ्या दहा-बारा जून भेंड्या घ्या. लव खाजते म्हणून धुऊन फडक्यानं पुसा. चिरून तांब्याभर पाण्यात दोन-तीन तास ठेवा, कुस्करा, फडक्यातनं पिळा. विकतच्यासारखा गोळा होत नाही, पण मस्त तार धरतं. जवस पाण्यात उकळून गरम असतानाच गाळलं तरी असंच होतं. चूल मात्र मोठ्यानं सांभाळायची.

तिसरा खेळ कॉर्नफ्लोअरचा. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी. बुक्की मारली की दगड, हात सैल सोडला की पाणी. गिरणीतलं मक्याचं पीठ चालत नाही, निव्वळ सत्त्वच लागतं. रंगाला हळद घाला, बिटाचा रस घाला. हे सगळं त्याच दिवशी खेळून संपवायचं, दुसऱ्या दिवशी वास मारतं. उरलं तर उकिरड्यात टाका, कुजून जाईल. गमाचं स्लाइम मात्र रानात टाकू नका, ते लवकर कुजत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त स्लाइम म्हणजे आपली काळी माती. कुपवाडात एमआयडीसी आली, प्लॉट पडले, आता कितीतरी पोरांचा पाय डांबरावरच असतो. आषाढात बेंदराला मातीचे बैलसुद्धा विकत आणतो आपण. निदान एक जोडी तरी पोरांकडनं घरी करून घ्या. भिजवलेली माती चाळून, मळून, अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढायला सांगा. पट्टी लांब निघाली तर चिकण जास्त, लगेच तुटली तर वाळू-पोयटा जास्त. जमिनीची जात ओळखायची ही पद्धत शेतीशाळेतही शिकवतात. पोरगं खेळता खेळता रान ओळखायला शिकतं.

फक्त जागा बघून खेळवा. त्या दिवशी फवारलेल्या प्लॉटात नको. विहिरीच्या काठाला नको. शेततळ्याजवळ तर अजिबात नको, त्याचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. बांधावरचं झाड, सावली आणि हात धुवायला एक बादली, झालं काम.

मी तर म्हणतो, पोराच्या हाताला चिकटलं तर आपल्या रानातलं चिकटू दे. तुमच्याकडं पोरं काय काय करतात, फोटो टाका खाली. आणि आधी शेडात जाऊन त्या फळीकडं एक नजर टाका.

राम राम.