दडविलेल्या डब्याचा शोध

वाचकहो, लपंडाव कोणास ठाऊक नाही? परंतु ज्यात लपविणारा आपल्या घरी स्वस्थ बसलेला असतो आणि शोधणाऱ्यांनी त्याला कधी पाहिलेलेही नसते, असा एक लपंडाव आज जगभर चालू आहे. त्यास ‘जिओकॅशिंग’ म्हणतात.

याची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकन उपग्रहांचे स्थानदर्शक संकेत पूर्वी सामान्य जनांस मुद्दाम अस्पष्ट करून दिले जात. त्यामुळे जागा सांगण्यात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभी त्या सरकारने ही अस्पष्टता काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर नामक गृहस्थांनी एक बादली अर्धवट पुरून ठेविली. तीत वही, पेन्सिल, पुस्तके, एक गलोल, इतकेच नव्हे तर घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता! जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले आणि तीन दिवसांत दोघांनी ती हुडकून काढली. आज असे तीस लाखांहून अधिक डबे जगभर दडलेले आहेत.

खेळ सोपा आहे. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश घालून चालू लागावे. यंत्र आपणांस काही पावलांवर आणून सोडते. तेथे त्याची विद्या संपते. मग कोणता दगड हलविलेला आहे हे आजोबा ओळखतात आणि ढोलीत वाकून नातू पाहतो. डबा सापडला की वहीत नाव व तारीख लिहावी. आतील एखादी वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबा होता तेथेच, होता तसाच दडवून यावे.

खेळाचे सारे मर्म या शेवटच्या नियमात आहे. रानात पहारेकरी नसतो. नुसते घेऊन जाणारास कोणी पकडीत नाही. परंतु महिन्याभराने दुसरे एखादे मूल दमूनभागून तेथे येते आणि रिकामा डबा उघडते. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्याच्याशीही प्रामाणिक राहावे, हा धडा पाठ करवून येत नाही. येथे मूल तो एका दुपारी शिकते.

अनुभवाने नियमही सुधारले. जमीन उकरली जाऊ नये म्हणून डबा पुरावयाचा नाही; वासाने जनावरे येतात म्हणून खाद्यपदार्थ ठेवावयाचा नाही. पहिल्या बादलीत या दोन्ही चुका होत्या! जागेच्या मालकाची अनुमती अवश्य घ्यावी. बेवारस डबा पाहून लोक घाबरतात, म्हणून स्थानक वा बाजार टाळावा. आपल्याकडे तर फटीत हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. विंचूकाट्याचे भय असते.

मोबाइल नसला तरी अडत नाही. एखाद्या जुन्या डब्यात वही, पेन्सिल आणि चार गोट्या घालून तो आपल्याच बागेत दडवा. ‘विहिरीपासून पूर्वेस चाळीस पावले’ अशी चिठ्ठी शेजारच्या मुलांना द्या. पुढच्या रविवारी त्यांनी दडवावा, तुमच्या मुलांनी शोधावा. डबा भरलेला परत आला, तर खेळ जिंकला असे समजा.